डॉक्टर झाला, मग ‘मुम्हे’ केव्हा होणार?



शावुओतच्या आधी आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला. नातू डॉक्टर झाला होता. पोहे, खोबरे, साखर, खजूर, फळे, सगळे यथासांग. प्रार्थना झाली, आणि मलिदा हातावर देताना बाईंनी नातवाला कौतुकाने विचारले, “आता तू हृदयाचा डॉक्टर की डोळ्यांचा?” नातू हसून म्हणाला, “सवता, मी अजून स्ताझेर आहे. हृदयाचा व्हायला आणखी आठ वर्षे तरी लागतील.” बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमचे दार वाजवले. “टीचर, तुमची नात डॉक्टर आहे. मला नीट समजावून सांगा. सहा वर्षे शिकला, आम्ही मलिदा केला, लोकांना पेढे वाटले. मग हा डॉक्टर झाला की नाही झाला?”

झाला आणि नाही झाला, दोन्ही खरे. त्यांना चहाबरोबर जे सांगितले तेच येथे जरा सविस्तर लिहीत आहोत. आपल्या वयाच्या माणसांचे पाय हल्ली सिनेगॉगपेक्षा कुपत होलीमकडे जास्त वळतात. आपल्यासमोर पांढरा कोट घालून जो उभा असतो तो नक्की कोण, हे आपल्याला कळलेले बरे.

पहिला घोटाळा पाटीवरच्या अक्षरांचा. आपण मुंबईत वाढलो. तेथे डॉक्टरच्या दारावर ‘एम.बी.बी.एस.’ अशी पाटी असली की तो साधा फॅमिली डॉक्टर. ताप, खोकला, पोटदुखी त्याच्याकडे. आणि ‘एम.डी.’ अशी पाटी असली की मोठा डॉक्टर. त्याची फी जास्त, आणि त्याच्याकडे जाताना आई आपल्याला इस्त्रीचे कपडे घालीत असे. तेथे एम.बी.बी.एस. ही पहिली पदवी. साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. एम.डी. किंवा एम.एस. त्याच्या पुढची. म्हणजे आपल्या डोक्यात एम.डी. म्हणजे स्पेशालिस्ट, हे पक्के बसलेले आहे.

इस्राएलमध्ये तसे नाही. येथे वैद्यकीची पहिली पदवीच एम.डी. आहे, अमेरिकेसारखी. काल पदवी घेतलेल्या पोराच्या छातीवरच्या बिल्ल्यावरही एम.डी. असू शकते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कितीतरी वर्षे समाधानाने सांगत असत, “आमच्या कुपतमध्ये सगळे एम.डी. आहेत!” त्यांचे समाधान आम्ही कधी मोडले नाही.

दुसरा घोटाळा हिब्रू शब्दांचा. ‘मित्महे’ आणि ‘मुम्हे’. दोन्ही एकाच धातूतले, कानाला जवळजवळ सारखे. मित्महे म्हणजे जो तज्ज्ञ होण्याचे शिक्षण घेत आहे तो. मुम्हे म्हणजे जो तज्ज्ञ झाला आहे तो. मधल्या काळाला ‘हितमहूत’ म्हणतात. घाईत बोलणाऱ्या नर्सच्या तोंडून ऐकताना आपल्यासारख्यांना फरक कळत नाही, आणि त्या फरकात पाच-सहा वर्षांचे आयुष्य असते.

आपल्या समाजाला ही वाट नवी नाही, हे मात्र येथे सांगितले पाहिजे. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्या पिढीने आई-आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. घेतली, प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयांत. पुढे १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षे मुंबईचे कामा हॉस्पिटल त्यांच्या हाताखाली होते. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती तरी जणांच्या आया-मावश्यांची बाळंतपणे कामातच झाली. त्या काळी स्पेशालिस्ट व्हायचे तर बोटीत बसून समुद्र ओलांडावा लागे. आता आपल्या नातवंडांना ते शिक्षण घराजवळ मिळते, पण लांबी काही कमी झालेली नाही.

आता क्रमाने घेऊ.

प्रवेश मिळणे हीच पहिली भिंत. बग्रूतचे गुण उत्तम हवेत, आणि सायकोमेट्रिक परीक्षेत ८०० पैकी ७०० च्या बरेच वर. एवढे झाले तरी फक्त पुढच्या चाळणीपर्यंत जाता येते. त्या चाळणीचे नाव काही विद्यापीठांत ‘मोर’, तर काही ठिकाणी ‘मिरकाम’. तेथे मुलांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवतात. एका खोलीत एखादा नट रागावलेल्या माणसाचे सोंग घेऊन बसलेला असतो; त्याच्याशी मूल कसे बोलते हे परीक्षक पाहतात. आमच्या नातीला एका रडणाऱ्या बाईसमोर बसवले होते. ती आम्हाला म्हणाली, “आजी, ती खोटे रडते आहे हे मला ठाऊक होते, तरी मला रडू आले.” नापास झालो असे समजून ती घरी आली. पास झाली.

आमचे मत विचाराल तर ही चाळणी चांगली आहे. आम्ही वर्गात पंचवीस वर्षे गणित शिकवले. गणितात शंभर गुण मिळवणारी काही मुले अशी होती की त्यांच्या हाती आम्ही मांजरसुद्धा सोपवले नसते.

वैद्यकीय विद्यालये येथे मोजकी आहेत. यरुशलेमला हदासाचे हिब्रू विद्यापीठ, तेल अवीव, हैफाचे तेखनियोन, बेर शेवाचे बेन गुरियन, २०११ पासून त्सफातला बार इलानचे, आणि त्यानंतर एरियलला. बेर शेवाचे विद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. मोशे प्रायवेस यांचा आग्रह होता की विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच रोग्याला भेटावे. तीन वर्षे पुस्तकात डोके घालून मग माणूस पाहायचा, असे नको. दिमोना, येरुहाम, बेर शेवा येथे राहणाऱ्या आपल्या लोकांना आठवत असेल, सोरोका इस्पितळात पलंगाभोवती पोरांचा घोळका उभा राहायचा आणि आपण विचारायचो की ही शाळकरी मुले येथे काय करतात. ती हीच मुले.

जागा कमी म्हणून पुष्कळ मुले परदेशी जातात. हंगेरी, रुमानिया, इटली, जॉर्जिया, शेजारचे जॉर्डनसुद्धा. परत आल्यावर त्यांना येथील आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते. दर वर्षी नव्याने परवाना घेणाऱ्या डॉक्टरांत बाहेर शिकून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. कोणत्या परदेशी विद्यालयाची पदवी चालेल याचे नियम सरकारने अलीकडे कडक केले आहेत. म्हणून ज्यांची नातवंडे आता बाहेर जाण्याच्या विचारात आहेत त्यांनी पैसे भरण्यापूर्वी आरोग्य खात्याकडून त्या विद्यालयाची खात्री करून घ्यावी. एजंटच्या शब्दावर जाऊ नये.

अभ्यास सहा वर्षांचा. पहिली तीन साधारणपणे शरीरशास्त्र, रसायन, औषधे यांची. पुढची तीन इस्पितळातल्या विभागांत. ज्यांनी आधी दुसरी पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी काही ठिकाणी चार वर्षांचा मार्गही आहे. यापुढे एक वर्ष स्ताझचे. कोणत्या इस्पितळात हे मुलाची आवड आणि चिठ्ठी यांच्या मेळाने ठरते. त्याला अजून सगळे ‘हग्राला’च म्हणतात. स्ताझेर पनिमित म्हणजे अंतर्गत विभाग, लहान मुले, शस्त्रक्रिया, मियून असे फिरत राहतो. रक्त काढणे, सुई लावणे, कागद भरणे आणि धावणे ही त्याची कामे. तो स्वतःच्या जबाबदारीवर उपचार करू शकत नाही. वर कोणीतरी असलेच पाहिजे. वर्ष पुरे झाले की ‘रिशायोन’ मिळतो. शेजारच्या बाईंचा नातू या पायरीवर उभा आहे.

बाईंना आम्ही म्हटले, “तुम्ही मलिदा केलात तो योग्यच केलात. फक्त तो पहिला होता.”

येथून पुढे हितमहूत, आणि तोच खरा डोंगर. स्ताझला जसे सरकार वाटून देते तसे येथे नाही. मुलाने स्वतः विभागप्रमुखांकडे जायचे, भेट घ्यायची, काही दिवस त्या विभागात राबून दाखवायचे, आणि प्रमुखाला पसंत पडले तर जागा. डोळे, त्वचा, प्लास्टिक सर्जरी अशा विभागांसमोर रांग लागलेली असते. काही विभागांना मात्र माणसे शोधावी लागतात. २०११ साली डॉक्टरांचा महिनोन्‌महिने चाललेला संप आठवतो का? डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष डॉ. लिओनिद एदलमन तेव्हा उपोषण करीत पायी यरुशलेमला निघाले होते. त्या संपाच्या करारात असे ठरले की जे मित्महे दूरच्या भागांत, किंवा ज्या शाखांत माणसे नाहीत तेथे शिकतील त्यांना जास्तीची रक्कम द्यावी. नेगेव आणि गलीलमध्ये आज जे तरुण डॉक्टर दिसतात, त्यांतल्या काहींना त्या कराराने तेथे आणले.

किती वर्षे, हे शाखेवर अवलंबून. कुटुंबवैद्यक म्हणजे ‘रफुआत मिश्पाहा’ चार वर्षे. पनिमितही तेवढीच. सर्जरीला सहा. कोणत्या शाखेत काय शिकायचे, किती महिने कोठे काढायचे, परीक्षा केव्हा, हे ठरवते इस्राएल मेडिकल असोसिएशनची ‘मोएत्सा मदाईत’, म्हणजे वैज्ञानिक मंडळ. विद्यापीठ येथे बाजूला राहते. मुंबईत एम.डी.ची परीक्षा विद्यापीठ घेत असे, येथे डॉक्टरांची स्वतःची संघटना घेते.

परीक्षा दोन. ‘शलाव आलेफ’ लेखी. ती साधारण हितमहूतच्या मध्यावर येते. जाडजूड इंग्रजी पुस्तके, आणि वाचायचे केव्हा तर रात्रपाळी करून आल्यावर. आमची नात तिसऱ्या वर्षाला असताना सहा महिने तिच्या घरात शब्बाथच्या मेजावरही पुस्तक उघडे असे. आम्ही दृष्टिआड केले. ‘शलाव बेत’ शेवटी, आणि ती बहुधा तोंडी. समोर परीक्षक बसतात, एक रोगी सांगतात आणि विचारतात: तू काय करशील? मग? तसे झाले नाही तर? रक्ताचा रिपोर्ट उलटा आला तर? तोंडी परीक्षेत घोकंपट्टी चालत नाही. सर्जरीसारख्या शाखांत याशिवाय वहीत नोंद लागते: अमुक शस्त्रक्रिया इतक्या वेळा स्वतः केली, अमुक इतक्या वेळा मदतीला उभे राहिलो. वरिष्ठांच्या सह्या त्यावर. पुष्कळ शाखांत काही महिने संशोधनालाही द्यावे लागतात. बाळंतपणाची रजा, मिलुइम, हे सगळे आले की वर्षे आणखी लांबतात.

पण परीक्षेपेक्षा माणसाला झिजवते ती ‘तोरानूत’. सकाळी कामावर जायचे, दिवसभराचे काम, मग रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाची फेरी झाल्यावर घरी. हे मिळून २६ तास. महिन्यातून पाच-सहा वेळा. २६ तास जागे राहून आमच्याने वांग्याची भाजीसुद्धा धड होणार नाही. २०२१ मध्ये ‘मिरशाम’ नावाच्या मित्महेंच्या संघटनेने यावर मोठे आंदोलन केले; दोन हजारांवर तरुण डॉक्टरांनी राजीनाम्याची पत्रे दिली. त्यानंतर काही ठिकाणी, आधी दूरच्या भागांतल्या इस्पितळांत, पाळी २१ तासांवर आणायला सुरुवात झाली. जुने डॉक्टर म्हणतात, आम्हीही असेच शिकलो. आम्हाला हा युक्तिवाद कधी पटला नाही. आम्हीही मारकुट्या मास्तरांच्या हाताखाली शिकलो, म्हणून पुढे आम्ही छडी घ्यावी असे नाही.

आता आमच्यावर गुदरलेली एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना रात्री चक्कर येऊन ते न्हाणीघरात पडले. अँब्युलन्सने मियूनला नेले. तपासायला आला एक पोरगा, बुटाच्या नाड्या सुटलेल्या, डोळे लाल. आम्ही त्याला विचारले, “मुम्हे केव्हा येणार?” तो म्हणाला, “मी मित्महे, चौथे वर्ष. वरिष्ठांशी बोलतो आहे.” आम्ही तोंड वाकडे केले. मराठीत ह्यांना म्हटले देखील, की शिकाऊ पाठवला आहे. त्या मुलाने काही ऐकले नाही की ऐकून घेतले, देव जाणे. पहाटे चारला तो परत आला, स्टूल ओढून बसला आणि आमची औषधांची प्लास्टिकची पिशवी मागितली. एकेक डबी काढून त्याने चादरीवर मांडली. रक्तदाबाची एकच गोळी दोन निराळ्या नावांनी आम्ही दोनदा देत होतो. एक कुपतच्या डॉक्टरने लिहिलेली, दुसरी आधीच्या इस्पितळातून सुटताना मिळालेली. चक्कर त्याची होती. दिवसा आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तेच पक्के केले. आम्हाला त्या मुलाची माफी मागायची होती, पण तोपर्यंत तो घरी गेला होता.

हे नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आजी, मला दर रात्री कोणीतरी विचारते, खरा डॉक्टर केव्हा येणार म्हणून.” आम्ही काही बोललो नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख नातीच्या कौतुकाचा होईल. आमच्या परिचयाच्या एक विधवा बाई पोटदुखीने एका मियूनमध्ये गेल्या. रात्रभर थांबल्या, पहाटे गोळी आणि पत्र देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी पित्ताशयाला सूज येऊन त्यांचे तातडीचे ऑपरेशन करावे लागले. त्या पहाटे त्यांना घरी पाठवणारा स्ताझेर होता, मित्महे होता की आणखी कोणी, वरिष्ठाला विचारले होते की नाही, त्याचा तो कितवा तास होता, हे त्यांना आजही ठाऊक नाही. त्यांनी विचारलेच नाही. हिब्रू अडखळते, शिवाय डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले.

उद्धटपणा नाही. १९९६ चा रोग्यांच्या हक्कांचा कायदा, ‘होक झखुयोत हाहोले’, स्पष्ट सांगतो की आपल्यावर उपचार करणाऱ्याचे नाव आणि पद जाणण्याचा रोग्याला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही हक्क आहे. रात्री विभागात मित्महे असतो आणि त्याच्या पाठीमागे एक तज्ज्ञ, पुष्कळदा घरी, फोनजवळ, गरज पडली तर येणारा. त्याला ‘कोनान’ म्हणतात. तेव्हा शांतपणे, नमस्कार-चमत्कार करून विचारावे, “डॉक्टर, आपले नाव काय? आपण मित्महे का? कोनानशी बोलणे झाले का?” या तीन वाक्यांत कोणाचा अपमान नाही. नात म्हणते, चांगल्या मित्महेला हा प्रश्न आवडतो, कारण वरिष्ठाला उठवायला त्याला निमित्त मिळते. हिब्रू जमत नसेल तर ही वाक्ये मुलाकडून कागदावर लिहून घेऊन पाकिटात ठेवा. आम्ही ठेवली आहेत.

दिवसा ओळखायचे तर शिक्का पाहा. औषधाच्या कागदावर डॉक्टर जो शिक्का मारतो त्यावर परवान्याचा क्रमांक असतो, आणि तज्ज्ञ असेल तर कोणत्या विषयाचा मुम्हे हेही. आरोग्य खात्याच्या यादीत नाव घालूनही पाहता येते. नातवंडांना सांगा, त्यांचे दोन मिनिटांचे काम आहे.

शलाव बेत झाली की माणूस मुम्हे होतो. पण हृदयाचा? त्याला आणखी वेळ. पनिमितची पायरी चढून पुढे हृदय, मूत्रपिंड, पोट, सांधे अशा उपशाखा असतात, आणखी दोन-तीन वर्षांच्या, त्यांच्याही परीक्षा असतात. त्यानंतर पुष्कळजण अमेरिकेला किंवा कॅनडाला एक-दोन वर्षे फेलोशिपसाठी जातात, एखादे विशेष कौशल्य शिकायला. हिशेब मांडून पाहा. एकविसाव्या वर्षी सैन्यातून सुटला, एक वर्ष सायकोमेट्रिकमध्ये गेले, बाविसाव्या वर्षी प्रवेश, अठ्ठाविसाव्या वर्षी स्ताझ, मुम्हे होईतो तेहतीस-चौतीस, उपशाखा धरून छत्तीस-सदतीस. आणि ‘प्रोफेसर’ ही पदवी वेगळीच. ती विद्यापीठ देते, शिकवण्याबद्दल आणि संशोधनाबद्दल. प्रोफेसर असलेला माणूस तुमच्या गुडघ्याचे ऑपरेशन करण्यात इतरांपेक्षा सरस असेलच असे नाही. खासगीत प्रोफेसरकडे पैसे मोजून जाणाऱ्यांनी आमच्यावर रागावू नये.

याउलट कुपत होलीमच्या आपल्या डॉक्टरला ‘नुसता कुपतचा’ म्हणू नये. रफुआत मिश्पाहाचा मुम्हे हाही चार वर्षे हितमहूत करून, दोन्ही शलाव देऊन आलेला असतो. आपल्या पिशवीतल्या सगळ्या डब्यांची नावे एकत्र माहीत असलेला बहुधा तोच एक. आणि आपल्या वयाचे खरे तज्ज्ञ म्हणजे जेरियात्रीचे डॉक्टर. काही जण आधी पनिमित किंवा कुटुंबवैद्यक करून मग वृद्धांच्या शाखेकडे वळतात. ते फार थोडे आहेत. तरुणांना हृदयात आणि मेंदूत रस असतो, म्हाताऱ्यांत कमी. नातीला आम्ही एकदा सुचवून पाहिले. ती म्हणाली, “विचार करते.” लग्नाचा विषय काढला तेव्हाही हेच म्हणाली होती. हल्ली आम्ही दोन्ही विषय काढत नाही. तोरानूत करून आलेल्या मुलीला आधी झोपू द्यावे.

शेजारच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. बोटांवर वर्षे मोजली. “म्हणजे तो हृदयाचा होईल तेव्हा मी सत्त्याऐंशीची,” त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहून, “लोकांना काय सांगू?” हा पहिला प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. आम्ही म्हटले, सांगा, नातू डॉक्टर आहे, इस्पितळात काम करतो. त्यात खोटे काही नाही.

आमच्या नातीची शलाव बेत येत्या वर्षी आहे. तारीख तिने अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी कोणी फोन करू नका, मीच करीन, एवढे मात्र बजावून ठेवले आहे.